शेवटच्या शर्यतीवर पैसे लावण्याआधी

मी १९ वर्षं दुसऱ्यांचे हिशेब लिहिले. ताळेबंदात दमडीचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत मला झोप लागायची नाही. मग मंदी आली. आमच्या लेखा विभागातल्या ९ जणांपैकी ५ जणांना घरी पाठवलं, त्यात मी होतो. पुढच्या १४ महिन्यांत मी फोनवर जुगार खेळून घरातली सगळी शिल्लक संपवली, वर कर्ज काढलं, आणि घरखर्चाच्या वहीत ते सगळं ‘किरकोळ’ या रकान्यात दडवलं. वही मीच लिहायचो. तपासायला कोणी नव्हतं.

खेळायचो कुठे, तर बाथरूममध्ये. रात्री पावणेबारानंतर, फोनचा प्रकाश अगदी कमी करून आणि नळ किंचित सोडून. बाहेर काही ऐकू जाऊ नये म्हणून. फोनचा आवाज तर बंदच असायचा, तरी नळ सोडायचो.

या गोष्टीला आता पाच वर्षं होत आली. हे लिहितोय ते त्या नळाशी बसलेल्या माणसासाठी. मी डॉक्टर नाही. मी काय केलं, त्यातलं काय टिकलं, एवढंच सांगू शकतो. पण सांगतोय ते ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने. मी स्वतः ते बरोबर उलट्या क्रमाने केलं आणि त्यात जवळपास एक वर्ष फुकट घालवलं.

सगळ्यात आधी

‘मी नसलो तर घरच्यांचं बरं चालेल’ असा विचार मनात येत असेल, तर पुढचं काही वाचू नका. आत्ता घरातल्या कोणाला तरी उठवा आणि हेच वाक्य त्याला जसंच्या तसं सांगा. घरात कोणी नसेल तर फोन करा. फोन करण्यासारखं कोणी नाही असं वाटत असेल, तर तुमच्या देशातला आपत्कालीन नंबर किंवा आत्महत्या रोखण्यासाठी चालवली जाणारी हेल्पलाइन, यातलं जे हाताशी येईल ते लावा. आजची रात्र एकट्याने काढू नका. ज्याने स्वतःला इजा करायचा विचार मनात येतो, ते दुसऱ्याच्या ताब्यात द्या.

हे औपचारिकता म्हणून लिहीत नाहीये. जुगाराच्या व्यसनात आत्महत्येचा धोका फार मोठा असतो, हे अभ्यासकांना पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. दारुड्याच्या तोंडाला वास येतो, पाय लटपटतात, लोकांना कळतं. आमचं काहीच दिसत नाही. एके दिवशी सगळं एकदम उघडं पडतं, आणि तो दिवस सर्वात धोक्याचा असतो. माझ्या डोक्यात असा विचार तीन रात्री आला होता. तिन्ही रात्री तो मला अगदी चोख हिशेबासारखा वाटला. हिशेब चोख वाटतोय हेच त्या आजाराचं लक्षण आहे, हे मला नंतर कळलं.

मंदीत हे होतं कसं

लोक म्हणतात, हाव सुटते. माझा अनुभव वेगळा आहे. मला श्रीमंत व्हायचं नव्हतं. मला फक्त पूर्वीच्या जागी परत यायचं होतं. ‘गेलेले तेवढे निघाले की बंद’, हे वाक्य मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल त्याची गणती नाही.

या वाक्याचा अभ्यास झालेला आहे. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये एक प्रयोग छापला. त्यात लोकांसमोर दोन पर्याय होते. एक, ३००० चं नक्की नुकसान. दोन, ४००० चं नुकसान होण्याची ८०% शक्यता आणि काहीच न जाण्याची २०% शक्यता. हिशेबाने पाहिलं तर दुसरा पर्याय सरासरी ३२०० ला पडतो, म्हणजे तोट्याचा. तरी ९२% लोकांनी दुसराच घेतला. तेच पर्याय फायद्याचे करून ठेवले, तर बहुतेक जण नक्की मिळणारे ३००० घेऊन गप्प बसतात. म्हणजे खिशात असताना जपून वागणारा माणूस खड्ड्यात पडला की जुगारी होतो. तोच माणूस.

त्याच लेखात घोड्यांच्या शर्यतींचा एक दाखला येतो. शर्यतींच्या दिवशी, शेवटची शर्यत जवळ येत जाईल तसे लोक जिंकण्याची शक्यता अगदी कमी असलेल्या घोड्यांवर जास्त पैसे लावतात, कारण दिवसभरात गेलेलं भरून काढायची ती शेवटची संधी असते. मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ पान उलटलं नाही. मंदी दुसरं काय करते? ती रोजची रात्र शेवटची शर्यत करून टाकते. हप्ता पाच तारखेला, पगार नाही, अर्जांना उत्तर नाही. आज नाही तर कधी?

एक आणखी. मी त्या काळात दोनशेच्या वर अर्ज पाठवले. बहुतेकांना ‘नाही’ असंही उत्तर आलं नाही. त्या दिवसांत मला ताबडतोब उत्तर देणारी जगात एकच गोष्ट होती, आणि ती फोनवर चार सेकंदात उत्तर द्यायची. जिंकलास किंवा हरलास, पण उत्तर द्यायची. यातून हरण्याची गोडी कशी लागते, हे ज्याने बेकारी पाहिली नाही त्याला सांगून कळणार नाही.

(आणि माणसंच कशाला, सरकारंही पैसा आटला की याच वाटेला जातात. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर केला तो १९३१ मध्ये, महामंदीच्या ऐन मध्यावर. आपण काही जगावेगळे नाही.)

व्यसन आहे की नुसता नाद, यावर मी महिनोन्महिने स्वतःशी वाद घातला. घालू नका. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या ग्रंथात २०१३ पासून जुगाराचा विकार दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांसोबत बसवला आहे. नऊ लक्षणं दिली आहेत, आणि १२ महिन्यांत त्यातली चार किंवा जास्त दिसली तर निदान होऊ शकतं. माझी सहा होती : हरलेलं काढायला दुसऱ्या दिवशी परत बसायचं, मन उदास असलं की खेळायचं, थांबायचा प्रयत्न करून न जमणं, मधेच थांबलं की चिडचिड, खोटं बोलणं, आणि पैशासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघणं. किती रक्कम गेली हे त्या यादीत कुठेच नाही, हे लक्षात घ्या. ‘माझे काही फार गेले नाहीत’ हे वाक्य तिथे चालत नाही. रोज शेअर घेणं-विकणं करणाऱ्यांनाही हेच लागू. आलेला तोटा घरात लपवून दुसऱ्या दिवशी दुप्पट लावत असाल, तर त्याला गुंतवणूक म्हणू नका.

कुलूप

मी आधी निश्चय केला. मग शपथ घेतली. मग वही काढून गेलेले पैसे मांडले. सगळ्यात शेवटी पैशाला कुलूप लावलं. खरं तर सुरुवात कुलपापासून करायची. निश्चय सकाळी दहाला मजबूत असतो आणि रात्री पावणेबाराला त्याचा पत्ता नसतो. कुलूप पावणेबारालाही कुलूपच असतं.

दिवसाउजेडी, डोकं ठिकाणावर असताना, एका बैठकीत हे उरकायचं. मला पावणेदोन तास लागले.

ज्या ज्या ठिकाणी खातं आहे तिथे जाऊन शिल्लक काढून घ्या आणि स्वतःला कायमचं वगळून घ्यायचा पर्याय शोधा. परवानाधारक ठिकाणी तो बहुधा असतो, काही देशांत तर एकाच अर्जाने सगळीकडून नाव वगळता येतं. नुसतं अॅप काढून टाकणं म्हणजे काहीच नाही, ते परत यायला एक मिनिट लागतं. शिल्लक काढायला काही ठिकाणी दोन-तीन दिवस लावतात आणि मधल्या काळात ती रद्द करून पुन्हा खेळायला देतात. त्या दोन-तीन दिवसांत मी चार वेळा हरलो आहे. म्हणून काढण्याचा अर्ज टाकला की लगेच पासवर्ड दुसऱ्याकडून बदलून घ्या.

मग बँक. काही बँका जुगाराकडे जाणारे व्यवहार अडवायची सोय देतात, विचारा. नसेल तर कार्डाची ऑनलाइन मर्यादा शून्यावर आणा. फोनमध्ये, ब्राउझरमध्ये जतन केलेले कार्डाचे आकडे पुसून टाका. आणि कार्ड, खरंखुरं प्लास्टिकचं कार्ड, दुसऱ्याच्या हातात द्या. कात्रीने कापू नका. मी कापलं होतं, आणि तोवर मला तो सोळा आकडी नंबर पाठ झाला होता.

त्यानंतर फोनवर संकेतस्थळं अडवणारं सॉफ्टवेअर, पण त्याचा पासवर्डही आपल्याकडे ठेवायचा नाही. ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून येणारे संदेश अडवा. मी १९ दिवस खेळलो नाही तेव्हा मला फुकट डावांची भेट आली होती. विसाव्या दिवशी मी बाथरूममध्ये होतो. झटपट कर्ज देणारी अॅप त्याच बैठकीत काढून टाका आणि त्यांची खातीही बंद करा. जुगाराचं अॅप काढून कर्जाचं ठेवलं, तर दार लावून खिडकी उघडी ठेवल्यासारखं आहे.

एवढ्यावरही वाट सापडते. सापडेल. कुलपाचं काम चोराला कायमचं थांबवणं नसतं, त्याला वेळ लागेल एवढं बघणं असतं. आपल्याला हवा असतो तो अर्धा तास.

एका माणसाला सांगणं

कार्ड द्यायचं तर कोणाला तरी सांगावं लागणार. मी बायकोला सांगायला धजलो नाही. आधी मोठ्या बहिणीला सांगितलं. सगळ्यांना एकदम सांगायची गरज नाही. एक माणूस पुरतो, पण तो असा हवा की जो ऐकून घेईल आणि पैसे देणार नाही. दोन्ही गुण एका माणसात मिळणं अवघड असतं, हे मान्य.

सांगताना मी तीन वेळा गोल गोल फिरलो. ‘ताई, जरा तंगी आहे.’ ‘ताई, थोडं चुकलंय.’ तिने दोन्ही वेळा विचारलं, किती लागतील? तेव्हा कळलं की आपण बोलतोय ते पैसे मागितल्यासारखं ऐकू येतंय. तिसऱ्या वेळी मी कागदावर लिहून नेलं आणि वाचून दाखवलं. वाक्यं साधारण अशी होती : ‘मी जुगार खेळतो. १४ महिने झाले. माझ्याने थांबत नाही. मला तुझे पैसे नकोत. माझं कार्ड तुझ्याकडे ठेव आणि मी मागितलं तरी देऊ नकोस.’

चौथं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते नसेल तर ऐकणाऱ्याचं लक्ष बाकी कशाकडे जातच नाही, तो मनातल्या मनात रक्कम मोजू लागतो. आणि रकमेचा आकडा पहिल्या भेटीत सांगायचा असेल तर पूर्ण सांगा. अर्धा सांगितला तर उरलेला अर्धा परत भरून काढायचा मोह होतो. मी ताईला दोन तृतीयांश सांगितला होता. तो उरलेला एक तृतीयांश मला पुढे चार महिने महाग पडला.

बायकोला आठवड्याने सांगितलं, ताई सोबत होती. बायको काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. एवढंच, की तिने वही मागितली आणि ‘किरकोळ’च्या रकान्यावर बोट ठेवून एकेक ओळ विचारली. ‘अहो, हे कशाचे? आणि हे?’ दोन तास चाललं ते. मी आयुष्यात अनेक लेखापरीक्षणं पाहिली, असं एकही नाही.

समोर न सांगता येण्यासारखं असेल तर अनोळखी माणसांत सांगणंही सोपं जातं. गॅम्ब्लर्स अॅनॉनिमस ही संघटना १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाली, आता अनेक देशांत तिच्या बैठका होतात, ऑनलाइनही होतात. तिथे आपलं पूर्ण नाव विचारत नाहीत. मी गेलो होतो. मला त्यातला देवाचा भाग फारसा रुचला नाही, पण पहिल्या दिवशी एका माणसाने नळाची गोष्ट सांगितली. तोसुद्धा नळ सोडायचा. त्या एका वाक्यासाठी मी सहा महिने जात राहिलो.

खरी वही

आता हिशेब. आठवणीवर अजिबात भरवसा ठेवू नका. बँकेचे उतारे काढा आणि दोनच रकाने पाडा : आत किती भरले, बाहेर किती काढले. वजाबाकी करा. मला तोंडी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की सुमारे पाच महिन्यांचा पगार गेला. उताऱ्यात निघाला अकरा महिन्यांचा. हिशेबनीस माणसाची ही गत. जिंकलेली रात्र मला तारखेसकट आठवत होती, हरलेल्या रात्रींचा नुसता गठ्ठा झाला होता.

दुसरं, एकदा तरी यंत्राचा हिशेब स्वतः मांडून बघा. रुलेट म्हणजे फिरत्या चाकावर चेंडू टाकून खेळायचा जुगार. त्याच्या युरोपीय चाकावर ० ते ३६ असे ३७ खाने असतात. एका आकड्यावर लावून जिंकलात तर लावलेले परत येतात आणि वर ३५ पट मिळतात. ३७ वेळा लावा, सरासरी एकदा जिंकाल, आणि हातात ३६ येतील. दर फेरीला २.७% कॅसिनोचे. कमी वाटतात ना? पण आपण तेच पैसे पुन्हा पुन्हा फिरवतो. एखादं यंत्र ९०% परत देतं म्हणजे उदार वाटतं. त्यात १०० घाला, जे येतील ते सगळे परत घाला, असं दहा वेळा केलं की सरासरी ३५ उरतात. वीस वेळा केलं की १२. माझ्या वेगाने वीस फेऱ्या म्हणजे फार तर दोन मिनिटं.

आणि ‘आता तरी लागायलाच हवं’ या समजुतीचं उत्तर १८ ऑगस्ट १९१३ ला माँटे कार्लोच्या कॅसिनोत मिळालं आहे. रुलेटचा चेंडू सलग २६ वेळा काळ्या खान्यात पडला. लोक दर फेरीला लालवर वाढवत वाढवत लावत होते, कारण आता लाल येणारच होतं. चाकाला मागचं काही आठवत नाही. आठवण फक्त लावणाऱ्याला असते.

हे कळल्याने खेळणं थांबतं का? नाही. मला गणित पहिल्या दिवसापासून येत होतं. वहीचा उपयोग वेगळा आहे : ‘गेलेले तेवढे काढायचे’ यातल्या ‘तेवढे’ला एक ठरलेला आकडा मिळतो. तो आकडा मी तोट्याच्या बाजूला लिहिला, ‘येणे’च्या बाजूने खोडला. लेखाकाराच्या भाषेत बुडीत खात्यात टाकला. ज्या दिवशी तो बुडीत लिहिला त्या दिवशी मी घरी रडलो, आणि त्यानंतर पाठलाग बराच सैल झाला.

देणी

इथे लांबण लावत नाही. आधी घराचं भाडं किंवा घरावरचा हप्ता, वीज-पाणी, जेवण, औषधं, मुलांची फी. मग जे कर्ज बुडवलं तर डोक्यावरचं छप्पर किंवा कामाचं साधन जाईल ते. बिनतारण कर्जं आणि कार्डाची देणी त्यानंतर, मग त्यांचे फोन कितीही कर्कश असोत. सगळ्यात जोरात ओरडणाऱ्याला आधी द्यायचं नसतं.

हप्ता चुकण्याआधी फोन करा, चुकल्यावर नव्हे. मंदीत सवलती, मुदतवाढ, कमी हप्ता असं काही ना काही असतं, पण बहुतेकदा मागितल्याशिवाय मिळत नाही. जे ठरेल ते लेखी घ्या. कर्जाचा सल्ला मोफत देणाऱ्या संस्था अनेक देशांत आहेत. पैसे घेऊन ‘सगळं मिटवून देतो’ म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

सगळी कर्जं फेडायला एक मोठं कर्ज घ्यावं असं वाटेल. कुलपं बसून सहा महिने होईपर्यंत घेऊ नका. हातात एकरकमी पैसा येणं ही आमच्यासारख्यांसाठी सगळ्यात वाईट गोष्ट. घरच्यांनाही तेच सांगणं आहे : एकदम सगळं फेडून देऊ नका, आणि द्यायचंच असेल तर ज्याचं देणं आहे त्याला परस्पर द्या. माझ्या थोरल्या मेव्हण्यांनी प्रेमापोटी मोठी रक्कम माझ्या हातात ठेवली होती. ती तीन रात्री पुरली.

रिकामा दिवस

ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाचं एक गिरणीगाव आहे. महामंदीत तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळपास सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथे काय झालं त्याचा अभ्यास केला आणि तो १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. वाटलं होतं, वेळच वेळ असल्यावर लोक वाचतील. वाचनालयातून पुस्तकं नेणं उलट कमी झालं. पुरुष रस्त्याने चालताना रेंगाळत, जागोजागी थांबत. बायका भराभर चालत, कारण त्यांना घरचं काम होतंच. कित्येक पुरुषांनी तर घड्याळ वापरणं सोडून दिलं होतं.

मीही घड्याळ काढून ठेवलं होतं. दुपारी झोपायचो, म्हणून रात्री झोप यायची नाही, म्हणून पावणेबारा. साखळी इतकी साधी होती. म्हणून नोकरी मिळेपर्यंत माणसाने काय करावं, तर उठायची एक वेळ, घराबाहेर पडायची एक वेळ, आणि झोपायची एक वेळ एवढं तरी पकडून ठेवावं. मी पुन्हा मनगटाला घड्याळ बांधलं. सकाळी नऊ ते अकरा अर्ज, आणि अकरानंतर त्याकडे बघायचं नाही. दुपारी ताईच्या ओळखीच्या एका लहान दुकानदाराच्या वह्या फुकट लिहून द्यायचो. त्याने पैसे दिले नाहीत, पण रोज विचारायचा, ‘काय साहेब, जुळलं का?’ त्या प्रश्नाचं मोल मी सांगू शकत नाही.

ओढ तरीही येते. तिची ठरावीक वेळ असते, ती वहीत लिहून ठेवा. माझ्या वेळा तीन निघाल्या : रात्री पावणेबारा, नकाराचं पत्र आल्यानंतरचा तास, आणि हातात पैसे आलेला दिवस. ओढ लाटेसारखी चढते आणि उतरते, बहुधा अर्ध्या तासात. अॅलन मार्लाट या व्यसनतज्ज्ञाने तिच्याशी झुंजू नका, तिच्यावर तरंगा असं शिकवलं. ऐकायला गोड आहे. प्रत्यक्षात मी पलंगाच्या कडेला बसायचो, फोन दुसऱ्या खोलीत, आणि ओढ शरीरात कुठे आहे ते शोधायचो. माझी अंगठ्यात असायची. उजव्या हाताच्या अंगठ्यात, खरंच, जणू कोणी दोरा बांधून ओढतंय. त्या अंगठ्याकडे मी वीस-वीस मिनिटं बघत बसलो आहे.

पोटात भूक, डोक्यात राग, घरात एकटेपणा, अंगात थकवा, यातलं काही आहे का ते आधी बघा. असेल तर त्याचा बंदोबस्त आधी करा. निम्म्या वेळा तेवढ्यानेच भागतं.

डॉक्टरकडे

हे मी फार उशिरा केलं. झोप उडालेली, भूक मेलेली, सकाळी उठवत नव्हतं, आणि मी समजत होतो की हे पैशाच्या काळजीने आहे, पैसे आले की जाईल. ते नैराश्य होतं, आणि जुगार हा त्यावरचा माझा घरगुती उपाय होता. एकावर उपचार करून दुसऱ्याला सोडून दिलं तर दोन्ही परत येतात. विचार आणि वागणुकीच्या सवयी बदलायला शिकवणारी कॉग्निटिव्ह बिहेव्हियरल थेरपी जुगारावर सर्वाधिक अभ्यासली गेलेली पद्धत आहे. काहींना नाल्ट्रेक्झोनसारखी औषधं देतात. माझं १६ भेटींत बरंच जुळलं.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पार्किन्सन किंवा पायांच्या बेचैनीवर दिली जाणारी काही औषधं, प्रामिपेक्सोलसारखी, काही माणसांत जुगाराची अनावर ओढ निर्माण करतात. असं औषध चालू असताना हा नाद नव्याने लागला असेल, तर ताबडतोब डॉक्टरला सांगा. औषध मात्र स्वतःहून बंद करू नका.

मी ज्या पहिल्या डॉक्टरकडे गेलो ते म्हणाले, ‘मनावर ताबा ठेवा.’ मी दुसरे डॉक्टर शोधले. तुम्हीही तेच करा.

घसरलात तर

मी सातव्या महिन्यात घसरलो. नवी नोकरी लागली होती, पगार जुन्याच्या निम्मा, पण पगार होता, आणि नव्या खात्यावर कुलूप घालायचं मी ‘विसरलो’ होतो. पावणेबारा वाजता, बाथरूम, नळ. पाऊण तासात पगाराचा चौथा हिस्सा गेला. पुढचा विचार ठरलेलाच होता : एवढे काढतो आणि मग ताईला सांगतो.

घसरण म्हणजे तो पाऊण तास. त्यानंतरचा तास ठरवतो की ती घसरण राहणार की कडेलोट होणार. म्हणून घसरल्यावर काय करायचं ते आधीच कागदावर लिहून, ज्या खोलीत घसरता तिथे चिकटवून ठेवा. माझा कागद आरशाच्या मागच्या बाजूला होता. त्यावर एकच ओळ होती : ‘आधी ताईला फोन, मग बाकी.’

साडेबारा वाजले होते. ताईने फोन उचलला, मी रडत होतो, ती काही बोलली नाही. मग विचारलं, ‘आत्ता खात्यात किती आहेत?’ मी आकडा सांगितला. ‘माझ्या खात्यात टाक. मी फोनवरच आहे.’ टाकले. ‘आता पासवर्ड सांग.’ सांगितला. पलीकडून टकटक ऐकू आली, तिने तो बदलला. नवा पासवर्ड मला आजही माहीत नाही.

‘आणि तो नळ बंद कर,’ ती म्हणाली. ‘मला मघापासून ऐकू येतोय.’